त्रुटी राहिल्या म्हणून केस बंद? तुरुंगातल्या माणसाची फाईल आणि आपण





आज आपण कोर्टाबद्दल बोलणार आहोत. कोर्ट म्हटलं की पोटात गोळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज कलमं घोकायची नाहीत. एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. तुरुंगातल्या माणसाची केस कधी कधी खरं-खोटं तपासण्याआधीच बंद होते. कारण काय, तर कागदांत त्रुटी राहिल्या होत्या आणि त्या दिलेल्या मुदतीत कुणी काढल्या नाहीत. घरचे म्हणतात, "हायकोर्टात अपील टाकलंय, चालू आहे." वर्षभराने कळतं की ते कधीच बंद झालंय. असं का होतं, ते थांबवता येतं का, आणि झालंच तर पुढे काय करायचं, हे आज बघू.

त्रुटी म्हणजे नेमकं काय?

त्रुटी हा शब्द तुम्हाला नवा नाही. गटाची कर्जाची फाईल बँकेत दिली की साहेब काय म्हणतात? ठरावावर सचिवाची सही नाही. एका बाईच्या आधारवर "गयाबाई" आहे आणि पासबुकावर "गया" आहे. फोटो जुना आहे. मग फाईल परत येते. लाडकी बहीण योजनेच्या वेळीही आपण हे पाहिलं. बाई पात्र होती, गरजू होती, पण खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे अडकले. ती अपात्र आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. कागद अडला होता, एवढंच.

कोर्टातही अगदी असंच चालतं. वकिलाने अपील किंवा जामिनाचा अर्ज दाखल केला की तो लगेच न्यायाधीशांच्या टेबलावर जात नाही. आधी कोर्टाचं कार्यालय कागद तपासतं. काही कमी-जास्त असलं तर ते "आक्षेप" काढतं. वकील लोक याला "ऑब्जेक्शन" म्हणतात. तोवर प्रकरणाला फक्त दाखल केल्याचा एक तात्पुरता नंबर मिळतो. हायकोर्टात त्याला बऱ्याचदा "स्टॅम्प नंबर" म्हणतात. आक्षेप दूर झाले की मगच प्रकरणाची खरी नोंदणी होते आणि पक्का नंबर पडतो.

हे आक्षेप कसले असतात? खालच्या कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल जोडलेली नाही. झेरॉक्स पुसट आहे, वाचता येत नाही, टाईप करून द्या. पानांना नंबर नाहीत. कोर्ट फीचं तिकीट कमी आहे. वकीलपत्रावर आरोपीची सही किंवा अंगठा आहे, पण तो तुरुंगात असताना घेतलेला असून त्यावर कारागृहाच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का नाही. अपिलाला उशीर झालाय, पण उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत नाही. आणि आपल्याकडे नेहमी निघणारा एक आक्षेप म्हणजे भाषांतर. खालच्या कोर्टात साक्षी, पंचनामे, जबाब मराठीत असतात. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. त्यामुळे मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर मागितलं जातं.

आक्षेप निघाले की ते दूर करायला मुदत मिळते. मुदतीत झाले नाहीत तर प्रकरण कोर्टापुढे ठेवलं जातं आणि आणखी दोन-चार आठवडे दिले जातात. पण त्या आदेशातच पुष्कळदा एक ओळ असते: या मुदतीत आक्षेप दूर केले नाहीत तर प्रकरण आपोआप फेटाळलं जाईल, पुन्हा कोर्टापुढे ठेवायची गरज नाही. ही ओळ लक्षात ठेवा. त्यानंतर पुढची तारीख पडत नाही. कुणी हाक मारत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस गेला की फाईल बंद.

हा नियम कुणाच्या वैराने केलेला नाही. कोर्टात फायलींचे ढीग असतात. अर्धवट, न वाचता येणाऱ्या कागदांवर न्यायाधीश निर्णय कसा देणार? घाईने दाखल करून ठेवायचं आणि नंतर ढुंकून बघायचं नाही, अशी सवय लागू नये म्हणूनही हा धाक आहे. बाहेर असलेल्या माणसाला तो धाक पुरेसा असतो. तो वकिलाकडे चकरा मारतो, भांडतो, नाहीतर वकील बदलतो. पण ज्याचे पायच बांधलेले आहेत, त्याने काय करायचं?

तुरुंगातल्या माणसावर हा नियम जड का पडतो?

समजा, देगलूर तालुक्यातल्या एका आईचा मुलगा शिक्षा लागून तुरुंगात आहे. नांदेडच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली. मोठी शिक्षा असल्यामुळे त्याला हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात नेलं. अपील हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे याच खंडपीठाखाली येतात. म्हणजे आई देगलूरला, खालच्या कोर्टाचा वकील नांदेडला, हायकोर्टाचा वकील संभाजीनगरला आणि मुलगा भिंतीआड. नांदेडहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. एका खेपेत दोन दिवसांची मजुरी बुडते, भाड्याचे पैसे वेगळे.

आता कार्यालयाने आक्षेप काढला की वकीलपत्रावर कारागृहाचा शिक्का नाही. हे मुलाला कोण सांगणार? आक्षेप कळतो वकिलाला. वकिलाने नांदेडच्या वकिलाला सांगायचं, त्याने आईला, आईने मुलाखतीला जाऊन मुलाला. यातला एक दुवा तुटला तरी निरोप पोचत नाही. आईला वाटतं वकील बघतोय. वकिलाला वाटतं घरचे कागद आणून देतील. मुलाला वाटतं अपील चालू आहे. तिघंही आपापल्या जागी वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते.

तुरुंगात असलेल्या बाईची अवस्था तर याहून बिकट. पुरुष आत गेला की आई, बायको, बहीण मुलाखतीला जातात, डबा नेतात, वकिलाचे पाय धरतात. बाई आत गेली की पुष्कळदा सासर तोंड फिरवतं आणि माहेरही गप्प बसतं. तिच्या फाईलमागे धावायला कुणीच नसतं.

आणखी एक फरक आहे. बँकेची फाईल परत आली तर कर्ज दोन महिने उशिरा मिळतं. तुरुंगातल्या माणसाची फाईल बंद झाली तर जाणारा प्रत्येक दिवस त्याच्या आयुष्यातून जातो. तो दिवस परत मिळत नाही.

होस्कोट खटला: एक नक्कल हरवली तर

आपल्या महाराष्ट्रातूनच सुप्रीम कोर्टात गेलेला एक खटला या बाबतीत देशभर सांगितला जातो. एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९७८ सालचा. होस्कोट हे शिकलेले गृहस्थ, विद्यापीठात शिकवणारे. विद्यापीठाची बनावट पदवी प्रमाणपत्रं बनवण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्यांच्यावर होता. सत्र न्यायालयाने अगदी नावापुरती, कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली होती. १९७३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती वाढवून तीन वर्षं केली. त्यांना सुप्रीम कोर्टात जायचं होतं. पण ते तिथे पोचले १९७८ मध्ये, तोवर सगळी शिक्षा भोगून झाली होती.

उशीर का झाला? त्यांचं म्हणणं होतं की हायकोर्टाच्या निकालाची नक्कल आपल्याला मिळालीच नाही. चौकशीत दिसलं की हायकोर्टाने नक्कल वेळेवर येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. पण ती कैद्याच्या हातात दिल्याची त्याची सही कुठेच नव्हती. कोर्टाने पाठवली, तुरुंगात पोचली, पुढे कैद्यापर्यंत गेली की नाही याचा पुरावाच नाही.

होस्कोट यांचा अर्ज शेवटी फेटाळला गेला. त्यांच्या बाजूने निकाल लागला नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे सांगितलं ते आजही कामाचं आहे. कैद्याला निकालाची नक्कल वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे. ती तुरुंगात आली की त्याला देऊन त्याची लेखी पोच घ्यायची. अपील करायला लागणाऱ्या सोयी तुरुंगाने पुरवायच्या. आणि वकील करायची ऐपत नसेल तर सरकारने वकील द्यायचा. हा उपकार नाही, न्यायाचाच भाग आहे.

एक लक्षात घ्या. होस्कोट शिकलेले होते, तरी एका कागदासाठी अडकले. मग ज्याला सही करता येत नाही, जो मजुरीसाठी गावोगाव फिरतो, त्याचं काय होत असेल?

कायदा काय म्हणतो?

पहिलं, नक्कल. तुरुंगवासाची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे, कलम ४०४.

दुसरं, तुरुंगातून अपील. कैद्याला वकील नसला तरी तो आपलं अपील कारागृहाच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. अधिकाऱ्याने ते योग्य कोर्टाकडे पाठवायचं, कलम ४२४. असं अपील ऐकून घेण्याची वाजवी संधी न देता कोर्टाने सहसा फेटाळायचं नाही, असंही पुढच्या कलमात आहे. अपील दिल्याची तारीख कैद्याने लिहून ठेवावी आणि पोच मागावी. मुदतीच्या हिशेबाला ती तारीख लागते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला साठ दिवस, फाशीची शिक्षा असेल तर तीस दिवस. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाची शिक्षा असेल तर सत्र न्यायालयात तीस दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात.

तिसरं, मोफत वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तसाच तो प्रत्येक स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि अपंग व्यक्तीलाही आहे. या लोकांना उत्पन्नाची अट नाही. आणि मदत म्हणजे फक्त वकिलाची फी नाही. कोर्ट फी, टायपिंग, नकला, कागदांचं भाषांतर हा खर्चही त्यात येतो. म्हणजे ज्या त्रुटी पैशाअभावी राहतात, त्या काढायचा खर्चही सरकारी मदतीत बसतो. ही गोष्ट फार कमी जणींना माहीत असते.

चौथं, सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा बानी सिंग खटल्याचा निकाल. त्यात तीन न्यायाधीशांनी सांगितलं की कोर्टाने सुनावणीसाठी घेतलेलं फौजदारी अपील केवळ वकील आला नाही म्हणून फेटाळता येणार नाही. कागद बघून, पुरावा तपासूनच निर्णय द्यायचा. आरोपी तुरुंगात असेल आणि वकील गैरहजर असेल तर पुढची तारीख द्यावी किंवा सरकारी खर्चाने दुसरा वकील द्यावा.

पण इथे एक बारीक गोम आहे. हा आधार सुनावणीसाठी घेतलेल्या अपिलाला आहे. आक्षेपांमध्ये अडकलेलं प्रकरण अजून त्या उंबरठ्याच्या आतच आलेलं नसतं. म्हणून सगळ्यात मोठा धोका सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत असतो, जेव्हा घरच्यांना वाटतं की "टाकलं एकदाचं, आता तारीख पडेल."

अमेरिकेतला एक कैदी आणि परत आलेला अर्ज

परदेशातली एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्लॅरेन्स गिडियन नावाचा एक गरीब माणूस होता. १९६१ मध्ये एका पूल खेळण्याच्या अड्ड्यात चोरीसाठी शिरल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्याने कोर्टाला वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात बसून त्याने पेन्सिलीने तिथल्या सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला.

त्याचा पहिला अर्ज परत आला. का? त्रुटी होती. आपण गरीब आहोत, फी भरू शकत नाही, असं प्रतिज्ञापत्र त्याने जोडलं नव्हतं. पण कोर्टाच्या कार्यालयाने नुसता अर्ज परत केला नाही. सोबत नियम पाठवले आणि प्रतिज्ञापत्राचा नमुनाही पाठवला. गिडियनने तो बघून कागद पूर्ण केले आणि १९६२ च्या जानेवारीत अर्ज पुन्हा पोचला. १९६३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे. त्याचा खटला पुन्हा चालला. या वेळी वकील होता. तो निर्दोष सुटला.

यातून आपण काय घ्यायचं? त्रुटी निघणं ही वाईट गोष्ट नाही. त्रुटी कोणती आहे आणि ती कशी काढायची, हे त्या माणसापर्यंत पोचणं महत्त्वाचं. गिडियनपर्यंत ते पोचलं म्हणून एका परत आलेल्या अर्जाने सबंध देशाचा कायदा बदलला.

"गुन्हेगाराची बाजू का घ्यायची?"

हा प्रश्न तुमच्यापैकी कुणाच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. बायकांवर अत्याचार करणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे, असं आम्हालाही वाटतं. म्हणूनच शेजारच्या जालना जिल्ह्यातला एक खटला सांगतो. २००३ साली भोकरदन भागात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. पाच जणांचा जीव गेला, घरातल्या बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं गेलं. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे पुनर्विलोकनाच्या अर्जावर प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तोवर सोळा वर्षं गेली होती. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच माणसांना ओळखलं होतं आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, हेही कोर्टाने नोंदवलं.

आता विचार करा. शेवटच्या टप्प्यावर ती फाईल एखाद्या त्रुटीवरून बंद झाली असती तर? निर्दोष माणसं फासावर गेली असती. आणि त्या पीडित कुटुंबालाही खोट्या समाधानाखेरीज काय मिळालं असतं? खरे गुन्हेगार तर मोकळेच राहिले. फाईल नीट ऐकली जाणं यात आरोपीचा जेवढा फायदा आहे, तेवढाच पीडित बाईचाही आहे.

शिवाय आक्षेप फक्त कैद्यांच्या फाईलवर निघत नाहीत. तुमच्या लेकीच्या पोटगीचं प्रकरण, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधलं अपील, शेतातल्या हिश्श्याचा दावा, या सगळ्या फाईली याच खिडकीतून जातात. आज कैद्याच्या फाईलसाठी जे शिकाल, ते उद्या तुमच्याच कामाला येईल.

घरच्यांनी वकिलाला काय विचारायचं?

वकिलाला "केसचं काय झालं?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "चालू आहे." म्हणून नेमकं विचारा.

एक: प्रकरणाचा नंबर काय? स्टॅम्प नंबर आहे की पक्की नोंदणी झाली? स्टॅम्प नंबरच सांगितला तर समजा की आक्षेप बाकी असू शकतात.

दोन: कार्यालयाने आक्षेप काढलेत का? कोणकोणते? कागदावर लिहून घ्या. मोबाईलवर फोटो पाठवायला सांगितला तरी चालेल.

तीन: ते दूर करायची शेवटची तारीख कोणती? "मुदतीत न झाल्यास फेटाळलं जाईल" असा आदेश झालाय का?

चार: यातलं आमच्याकडून काय हवंय? नक्कल, पत्ता, आधारची प्रत, की तुरुंगातून सही?

पाच: उशीर माफीचा अर्ज जोडलाय का?

ही पाच उत्तरं एका वहीत तारखेसह लिहा. गटाची हिशेबाची वही आपण कशी ठेवतो? कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, सगळं तारखेने. केसची वहीही तशीच ठेवायची. प्रकरणाचा नंबर असला की ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर आणि हायकोर्टाच्या वेबसाईटवर स्थिती बघता येते. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला महिन्यातून एकदा बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा आतल्या माणसालाही सांगा की आक्षेप कोणते आहेत. सही हवी असेल तर वकीलपत्र कारागृहातल्या अधिकाऱ्यासमोर सही करून, शिक्का घेऊन बाहेर यायला हवं. त्याला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवलं असेल तर ते वकिलाला लगेच कळवा.

घरातले कागदही सांभाळा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, आधार, निकालाची नक्कल एका पिशवीत ठेवा. पुण्यातल्या १९९४ च्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी तो फक्त बारा वर्षांचा होता आणि पोलिसांच्या कागदांत त्याचं नाव आणि वय दोन्ही चुकलेलं होतं. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीने त्याची सुटका झाली.

फाईल बंद झालीच तर?

घाबरून घरी बसू नका. आधी आदेशाची प्रत मिळवा आणि एकच गोष्ट बघा: कोर्टाने पुरावा तपासून अपील फेटाळलंय, की आक्षेप दूर झाले नाहीत म्हणून? लोक दोन्हीला "डिसमिस" म्हणतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला निकाल असतो. त्याच्याविरुद्ध वरच्या कोर्टात जावं लागतं. दुसरा निकाल नव्हे. त्यात तुमचा माणूस दोषी की निर्दोष, हे कुणी बघितलेलंच नसतं. अशा वेळी प्रकरण पूर्ववत करावं म्हणून त्याच कोर्टात अर्ज करता येतो. सोबत राहिलेल्या त्रुटी पूर्ण करायच्या आणि उशीर का झाला ते खरं खरं लिहायचं. माणूस तुरुंगात होता, आक्षेप त्याला कळवले गेले नाहीत, घरच्यांना वाचता येत नाही, ही कारणं लपवायची नाहीत, स्पष्ट मांडायची. मात्र जितका उशीर कराल तितकं काम अवघड होत जातं. कळल्याच्या आठवड्यातच हालचाल करा.

वकील दाद देत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. हायकोर्टातल्या कामासाठी खंडपीठात विधी सेवा उपसमिती आहे. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० हा मोफत क्रमांक आहे. तुरुंगाच्या आतही विधी सेवा कक्ष असतो. ते कक्ष नीट चालावेत आणि मोफत वकिलाचा हक्क कैद्यांपर्यंत पोचावा, असे आदेश सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा दिले आहेत. मुलाखतीत आपल्या माणसाला सांगा: "आत विधी सेवेचे लोक येतात, त्यांना भेट, अर्ज दे."

आणि एक सावधगिरी. "साहेबांशी ओळख आहे, पन्नास हजार द्या, त्रुटी काढून देतो," असं म्हणणारे कोर्टाच्या आवारात भेटतात. त्रुटी ओळखीने निघत नाहीत, त्या कागदाने निघतात. दागिना गहाण टाकण्याआधी प्राधिकरणाच्या कार्यालयात एक खेप टाका. तिथे पैसे लागत नाहीत.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. गावात कुणाच्या घरचा माणूस तुरुंगात आहे का, हे हळूच विचारा. चारचौघांत नाव घेऊ नका, त्या बाईला आधीच लोकांचं खूप ऐकावं लागलेलं असतं. तिच्याबरोबर बसून पाच प्रश्नांची वही भरा. तालुक्याला जाताना तिच्या सोबत जा. एकटी बाई कार्यालयाच्या दारातून परत फिरते. दोघी गेल्या की आत जातात, हा आपला बँकेतला अनुभव आहेच. ज्यांना आवड आहे त्यांनी तालुका समितीकडे विधी स्वयंसेवक होण्याबद्दल चौकशी करावी. गावातल्या बायांनाही हे काम करता येतं, त्यासाठी प्रशिक्षण मिळतं.

तुरुंगातला माणूस दोषी आहे की नाही, हे ठरवणं आपलं काम नाही. ते कोर्टाचं काम आहे. पण कोर्टाने ते ठरवावं, एखाद्या पुसट झेरॉक्सने किंवा राहिलेल्या शिक्क्याने नाही, एवढं बघणं आपल्या हातात आहे.

तुमचे प्रश्न आम्हाला लिहून पाठवा, गटाच्या ताईंकडे द्या. पुढच्या भागात जामीन मंजूर होऊनही जामीनदाराच्या कागदांसाठी अडकलेल्या कैद्यांबद्दल बोलू. तोवर ती पाच प्रश्नांची वही तयार ठेवा. नमस्कार!